एका लेखकाला एकच

भाषाशास्त्रज्ञ नावाच्या जमातीत वर्षाचे ऋतू दोनच. एक परिषदेला निबंधाचा सारांश पाठवायचा, दुसरा निकालाची वाट बघायचा. बाकीचे ऋतू इतर लोकांसाठी असतात. दख्खन भाषाविज्ञान परिषदेची मुदत जवळ आली की एरवी व्यासपीठावर तास तास न थांबणारी माणसं तीनशे शब्दांशी झटापट करत बसतात, घरच्यांवर खेकसतात, आणि शेवटच्या संध्याकाळी संकेतस्थळ बंद पडलं की एकमेकांना फोन करून आपण एकटेच अडकलो नाही ना, याची खात्री करून घेतात.

मृण्मयी गावंडे यंदा या गडबडीत नव्हती. तिचा सारांश मुदतीच्या बराच आधी गेला होता आणि तो स्वीकारला जाणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. नागपूरच्या एका विद्यापीठात ती कंत्राटी प्राध्यापक होती, वय अडतीस, आणि पहिल्यांदाच तिच्या हाती असं काही लागलं होतं, जे दुसऱ्या कुणाच्याही हाती नव्हतं.

शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर तीन राज्यांतून मजूर येतात. त्यांची मुलं पहिल्या हंगामात खुणांनी आणि चार-दोन हिंदी शब्दांनी वेळ मारून नेतात. मृण्मयी सलग काही हंगाम तिथे मातीत बसकण मारून बसली होती. हळूहळू तिच्या लक्षात आलं की मुलं आता मोडकंतोडकं बोलत नव्हती. त्यांनी एक भाषाच तयार केली होती. कुणाच्याही आईबापाला न समजणारी, पण पक्क्या नियमांची. धाकटी चुकली की थोरली त्यांना टोकत, आणि सगळी थोरली एकाच चुकीला टोकत. भाषा जन्माला येताना बघायला मिळणं ही गोष्ट या धंद्यात एखाद्याच्याच नशिबी येते. यंदा हुबळीला भरणाऱ्या या परिषदेत ही गोष्ट मांडली की कायमच्या जागेसाठीच्या निवड समितीला तिच्याकडे काणाडोळा करता येणार नव्हता. नाही तर जूनमध्ये कंत्राट संपत होतं आणि ते वाढवायचं नाही असं वरून स्पष्ट सांगण्यात आलं होतं.

परिषदेचं उत्तर आलं तेव्हा ती विभागात डबा खात होती. उत्तर चार ओळींचं होतं. तुमचा सारांश आणि आमच्याकडे आलेला आणखी एक सारांश हे एकाच लेखकाचे आहेत. एका लेखकाला एकच सारांश पाठवता येतो. दोहोंपैकी एक पुढच्या सोमवारपर्यंत मागे घ्यावा. दोन्हींचे लेखक: डॉ. कुंदा अष्टपुत्रे.

मृण्मयीला आधी हसू आलं. कुंदा अष्टपुत्रे म्हणजे तिच्या बाई, तिच्या मार्गदर्शक, अख्ख्या देशात ज्यांच्या नावाला या विषयात वजन आहे अशा. यंत्राची काहीतरी गफलत झाली असणार. मग तिला दुसरा सारांश आठवला, बाईंच्या नावाने गेलेला, आणि घास तोंडातच फिरायला लागला. तोही तिनेच लिहिला होता.

परीक्षकाला लेखकाचं नाव दिसू नये ही परिषदेची जुनी शिस्त. पण यंत्रांकडून लिहून घेतलेल्या सारांशांचा सुळसुळाट झाला, एकेक जण पाच-पाच नावांनी पाठवू लागला, तेव्हा परिषदेने ‘ठसा’ आणला. माणूस लिहितो तेव्हा त्याला वाटतं, आपण शब्द निवडतोय. खरं तर बरीचशी निवड सवयच करून टाकते. मुद्दा आधी की अट आधी, ‘मात्र’ कुठे बसवायचा, कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये किती सामान कोंबायचं, किती लांब वाक्यांनंतर एक आखूड टाकायचं. ठसा प्रत्येक लेखकाचं आजवरचं लेखन वाचून ठेवतो. नवा मजकूर आला की तो एकेक शब्द झाकत जातो आणि पुढचा शब्द कोणता असेल, याचा अंदाज बांधतो. ज्या लेखकाच्या सवयी गृहीत धरल्यावर अंदाज सगळ्यात कमी चुकतात, मजकूर त्याचा. सही नको, नाव नको. वयाबरोबर माणसाचं लिहिणं बदलतं, म्हणून दरवर्षी ठसा नव्याने घेतात. ताजं लेखन जास्त धरायचं, जुनं हळूहळू सोडून द्यायचं.

याच सोयीने घात केला होता. बाईंचं ताजं लेखन मृण्मयीचं होतं.

तशी सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. बाई बोलणार आणि मृण्मयी टंकणार, ही दोघींची पूर्वीपासूनची पद्धत. सहा वर्षांपूर्वी एका दुपारी बाई बोलता बोलता एका शब्दापाशी थांबल्या. शब्द साधा होता, रोजच्या वापरातला. मृण्मयीने तो पुरवला. बाईंनी मान डोलावली आणि गाडी पुढे गेली. मग असे शब्द वाढले. मग वाक्याचा शेवट बाईंना सापडेना, तो मृण्मयी शोधून देऊ लागली. पुढे बाई नुसता विषय सांगत आणि गॅलरीतल्या खुर्चीत डोळे मिटून बसत. वर्षभराने त्यांनी विषय सांगणंही सोडलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण बाईंच्या धाकट्या बहिणीने, शालनताईंनी, ते नाव घराच्या दाराबाहेर जाऊ दिलं नाही. मृण्मयीने जुन्या टिपणांवरून बाईंचे चार निबंध आणि एक पुस्तक पुरं केलं. लोक म्हणत, उतारवयात बाईंचं लेखन जास्त नितळ झालंय. मृण्मयी हे ऐकून घ्यायची आणि रात्री झोपताना तिला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. स्वतःचं असं काही लिहायला तिला वेळ उरत नव्हता. तिच्या नावावर इतकं थोडं होतं की यंत्राने तिचा ठसा कधी घेतलाच नव्हता.

तिने परिषदेचे सचिव डॉ. आयवन डाबरे यांना फोन लावला. वसईचा, सज्जन माणूस.

“सर, वीटभट्टीचा सारांश माझा आहे.”

“मला तसंच वाटतंय, गावंडे मॅडम. पण मला वाटून उपयोग नाही. आमच्या वाटण्यावर चालायचं तेव्हा लोक आम्हाला वशिलेबाज म्हणायचे. म्हणून तर हे यंत्र आणलं.”

“मी बाईंचा मागे घेतला तर?”

“तर दुसरा त्यांच्या नावाने जाईल. ठसा त्यांचा आहे ना.” मग त्यांनी सुचवलं, “तुम्ही नमुना का देत नाही? तुमच्या विद्यापीठातच केंद्र आहे. देखरेखीखाली बसून तीनशे शब्द लिहायचे, कशावरही. यंत्र सांगेल कोण ते.”

मृण्मयी दुसऱ्याच दिवशी केंद्रावर गेली. मदतनीस बाईने तिचा फोन काढून घेतला, पडद्यासमोर बसवलं आणि मदत घ्यायची नाही, बोलायचं नाही, असे नियम वाचून दाखवले. मृण्मयीने मुद्दाम आपल्या गावाकडच्या आजोळाबद्दल लिहिलं. संत्र्याची बाग, विहीर, मामाचं घोरणं. बाईंना यातलं काही ठाऊकही नव्हतं. लिहिताना तिला वाटलं, हे तरी पूर्णपणे आपलं आहे.

पडद्यावर उमटलं: लेखक, डॉ. कुंदा अष्टपुत्रे.

तिने बाहेर येऊन पुन्हा डाबरेंना फोन केला. त्यांच्याकडे निकाल आधीच पोचला होता.

“आता असं झालंय,” ते सावकाश म्हणाले, “माणसं दोन आणि ठसा एक. तो कुणाचा हे ठरवायला दुसऱ्या माणसाचा नमुना लागेल. बाईंचा.”

मृण्मयी केंद्राच्या पायरीवर बसली.

“त्यांचा नमुना जुळला तर तुम्ही त्यांची नक्कल करता असा अर्थ होईल. नाही जुळला तर ठसा तुमच्या नावावर जाईल. आणि त्या ठशाचं जे जे काही आहे ते सगळंच.”

“सगळं म्हणजे?”

“सहा वर्षांचं. पुस्तकासकट.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “यंदा हुबळीला आम्ही त्यांना जीवनगौरव देतोय, तुम्हाला माहीत आहे. मॅडम, बाईंची तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” मृण्मयी म्हणाली. सहा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडी बसलं होतं.

संध्याकाळी ती बाईंच्या घरी गेली. बाई गॅलरीत बसल्या होत्या. मृण्मयीने शालनताईंना स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. ताई शेंगा सोलत होत्या. ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

“तुझा काढून घे ना मग,” त्या म्हणाल्या. “त्यात काय एवढं? पुढच्या वर्षी पाठवशील.”

“पुढच्या वर्षीही यंत्र हेच म्हणेल, ताई. मी काहीही लिहिलं तरी ते बाईंचं होईल. आजोळाबद्दल लिहिलं, तेही त्यांचं झालं.”

“मग तेव्हाचं तेव्हा पाहू. हुबळीचं तेवढं पार पडू दे. ती शाल अंगावर घेईल, हात जोडेल, मी घेऊन येईन परत. तेवढं अजून येतं तिला.” शालनताईंनी पदराने डोळे टिपले. “चाळीस वर्षं खपली गं ती या कामासाठी. लग्न नाही केलं, काही नाही. आता शेवटी लोकांनी तिला चोर म्हणायचं? हे काय करून राहिली आहेस तू?”

“चोर कुणी नाही म्हणणार.”

“तू नाही म्हणणार. लोक म्हणतील.”

ते खरं होतं. विद्यापीठांत काय चालतं ते तिला चांगलं माहीत होतं. बाईंच्या सहा वर्षांवर बोट ठेवता आलं की मागच्या चाळीसांवर ठेवायला कुणाला फार वेळ लागणार नव्हता. ती गॅलरीत जाऊन बाईंच्या शेजारी बसली तेव्हा तिचं मन जवळजवळ ठरलं होतं. आपला सारांश मागे घ्यायचा. जूनमध्ये एखाद्या शाळेत बघायचं. ज्या बाईने आपल्याला लिहायला शिकवलं, तिच्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं.

मागे घेण्याआधी एकदा तिने तो बाईंना वाचून दाखवला. बाईंच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण हे करत आला होता. सारांश बाईंच्या कानावर घातल्याशिवाय पाठवायचा नाही. यंदा तेवढंच राहून गेलं होतं.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“छान उतरलंय हे. शेवटी मला जमलंच.”

“बाई?”

“मला वाटलं होतं, तीनशे शब्दांत बसणार नाही. पण बसलं.” त्या खुर्चीत पुढे झुकल्या. “ती नाकात तार घातलेली पोरगी होती बघ, फुलमती. तिनेच मला सगळं शिकवलं. मी चुकले की हसायची, आणि माझा हात धरून मातीत रेघ काढायला लावायची. घरी आले तरी भट्टीची राख दोन दिवस केसांतून जायची नाही माझ्या.”

बाई भट्टीवर कधी गेल्या नव्हत्या. राख मृण्मयीच्या केसांत बसली होती, हात मृण्मयीचा धरला होता. दर रविवारी संध्याकाळी इथेच बसून तिने बाईंना हे सगळं सांगितलं होतं, कारण सांगितलं की बाईंच्या डोळ्यांत जरा जीव येई. इतकं सगळं विसरणाऱ्या बाईंनी नेमकं हेच जपून ठेवलं होतं, आणि आपलं म्हणून.

मृण्मयीला राग आला. आजारी माणसावर येऊ नये असा, तळपायापासून वर चढत जाणारा राग. शब्द दिले ते दिले, वाक्यं दिली, पुस्तक दिलं, त्याबद्दल तिने कधी ब्र काढला नव्हता. पण फुलमतीचा हात ती देणार नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, आणि आपला आवाज किती गोड निघतोय हे तिचं तिलाच जाणवलं, “उद्या विद्यापीठात येता का? परिषदेला तुमचं थोडं लिखाण हवंय.”

“परिषदेला? मग येते की. त्यांना नाही म्हणायचं नसतं.”

शालनताईंना तिने सांगितलं, विभागात चहाला नेते, जुने लोक भेटतील, बाईंना बरं वाटेल. ताईंनी सकाळी बाईंना हिरव्या काठाचं इरकल नेसवलं आणि केसांत अबोली माळली. रिक्षात बाई रस्ताभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होत्या.

केंद्रावर मदतनीस बाईने पुन्हा तेच नियम वाचले. मृण्मयीला खोलीत बसायची परवानगी मिळाली, मागच्या खुर्चीवर, एक अक्षरही न बोलता. बाईंनी पडद्यासमोर बसून बोटं मोडली आणि लिहायला घेतलं. पहिली काही वाक्यं भरभर आली. त्या आपल्या लहानपणच्या घराबद्दल लिहीत होत्या, वीज गेल्यावर सगळी भावंडं एका जागी कशी बसत त्याबद्दल. मग त्या थांबल्या. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि मागे वळल्या.

“मृण्मयी, ते काय गं, आत वात असते, वाऱ्याने विझू नये म्हणून वर काच असते?”

कंदील. शब्द मृण्मयीच्या जिभेच्या टोकावर होता. सहा वर्षांत असा एकही शब्द तिने बाईंना द्यायचा ठेवला नव्हता. मदतनीस बाईने बोट ओठांवर ठेवलं. मृण्मयी गप्प बसली. नियम होता म्हणून गप्प बसले, असं तिला पुढे कधी म्हणता आलं नाही, कारण नियम नसता तरी त्या क्षणी ती बोलली नसती.

बाई वाट बघत राहिल्या. त्यांना वाटत होतं, ती आठवतेय. कधी कधी तिलाही वेळ लागायचा. मग त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या आणि लिहिलं, ‘ती दिव्याची वस्तू’. त्यानंतर ‘ती वस्तू’ पुन्हा पुन्हा येत राहिली, आणि वाक्यं आखूड होत होत दोन-दोन शब्दांची झाली. तरी तीनशे शब्द त्यांनी पुरे केले. कष्टाळू बाई होती.

“झालं,” त्या म्हणाल्या. “बघ बरं.”

पडद्यावर यंत्र थोडा वेळ घुटमळलं. मग ओळ उमटली. लेखक: अनोळखी. या लेखकाचा ठसा नोंदीत नाही.

खाली दोन चौकटी होत्या. निष्कर्ष मान्य, निष्कर्ष अमान्य. मान्य केला की ठसा मृण्मयी गावंडे या नावावर जाणार होता आणि त्याच्यासोबत सारांश, निबंध, पुस्तक, सगळं. मृण्मयी उठून पडद्यापाशी आली. तिला वाटलं होतं, बाईंना यातलं काही कळणार नाही.

बाईंनी चष्मा वर केला आणि ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी आपणच लिहिलेला मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला, एखाद्या विद्यार्थ्याचा वाचावा तसा, बोट फिरवत, आणि ‘ती दिव्याची वस्तू’पाशी बोट थांबलं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या बाई होत्या. मृण्मयीने त्यांना किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

“बरोबर ओळखलं यंत्राने,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मलाही हल्ली ही बाई ओळखू येत नाही.”

मृण्मयीला बाईंचे पाय धरावेसे वाटले, पडदा फोडावासा वाटला, आणि या सगळ्याच्या खाली तिला आपला सारांशही हवा होता. तिने पहिल्या चौकटीवर बोट टेकवलं. बाई बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही, हो म्हटलं नाही, आणि खोलीतून बाहेर पडताना त्यांनी तिच्या हाताचा आधारही घेतला नाही.

रिक्षा चौकात सिग्नलला थांबली तेव्हा बाईंनी अबोली चाचपून पाहिली आणि विचारलं, “अगं, आपण कशाला गेलो होतो?”

“परिषदेसाठी तुम्ही थोडं लिहिलंत, बाई.”

“हो का? मग काय म्हणाले?”

खरं सांगायचं, असं मृण्मयीने ठरवलं होतं. एवढं केल्यावर निदान खोटं तरी बोलायचं नाही. तिने शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं की यंत्राने ते लेखन तुमचं म्हणून ओळखलं नाही. बाईंचा चेहरा हळूहळू विझला. त्या पुन्हा त्या खोलीत जाऊन ती ओळ वाचत असाव्यात तशा दिसल्या. मग रिक्षा सुटली, एक पूल गेला, एक बाजार गेला, आणि चेहरा पुन्हा कोरा, उत्सुक झाला.

“अगं, परिषदेचं काय झालं? कळवलं का त्यांनी?”

मृण्मयीने पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेच झालं. तोच धक्का, तितकाच ताजा, पहिल्यांदाच बसल्यासारखा. यंत्राला हे एकदाच करावं लागलं होतं. तिला मात्र बाई जिवंत असेपर्यंत, दर भेटीत, दर काही मिनिटांनी करता येणार होतं.

घराच्या गल्लीत रिक्षा वळली. शालनताई फाटकात उभ्या होत्या. त्यांच्या हातात फोन होता आणि त्या रडत होत्या. डाबरेंनी त्यांना जीवनगौरवाबद्दल काय कळवलं असेल ते मृण्मयीने दुरूनच ओळखलं. बाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मृण्मयी, आपला सारांश? घेतला का गं त्यांनी?”

“घेतला, बाई,” ती म्हणाली.

“माझाच ना?”

“तुमचाच.”

बाई सुखाने मागे टेकल्या, आणि रिक्षा फाटकापाशी जाऊन थांबली.